वाटणीपत्रात वाटही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उसाच्या तोडी सुरू झाल्या की तहसील कार्यालयात शेतरस्त्याचे अर्ज वाढू लागतात. वर्षभर बांधावरून पायी ये-जा करून, वैरण डोक्यावरून आणून शेतकऱ्याने कसेबसे निभावलेले असते. पण टोळी फडात उतरायची आणि ट्रॅक्टर बांधाशी लावायची वेळ आली की शेजाऱ्याने घातलेले कुंपण आडवे येते, आणि मग अर्ज, पंचनामे, तारखा आणि प्रसंगी हाणामारीपर्यंत गोष्ट जाते. मी १९८४ ते २०१९ अशी पस्तीस वर्षे सांगली जिल्ह्यात तलाठी म्हणून नोकरी केली आणि असे कितीतरी तंटे दप्तर मांडीवर घेऊन पाहिले. २०२४ मध्ये तोच तंटा माझ्या स्वतःच्या रानात उभा राहिला. तेव्हापासून जे मनात घोळत आहे ते आपल्या दैनिकातून शेतकऱ्यांसमोर आणि शासनासमोर मांडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. रस्ता अडवणाऱ्या कुंपणाचे मूळ पुष्कळदा शेजाऱ्याच्या आडमुठेपणाच्या कितीतरी आधी, वाटणीच्या कागदातच रुजलेले असते, आणि तो कागद तयार करणाऱ्यांत मीही होतो.

आमचे सहा एकरांचे रान आजोबांनी १९७८ मध्ये माझे वडील आणि चुलते यांच्यात निम्मे निम्मे वाटले. ओढ्याकडच्या गाडीवाटेला लागून असलेला भाग चुलत्यांकडे गेला, मागचा नदीकडचा भाग वडिलांकडे आला. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि बांधावर उभा होतो. आजोबांनी हातातली काठी जमिनीला टेकवत चुलत्यांच्या पूर्वेच्या कडेने चालत जाऊन दाखवले की थोरल्याची बैलगाडी येथून जाईल, आणि चुलत्यांनी मान हलवली. तेवढ्यावर सेहेचाळीस वर्षे गाडी गेली, पुढे ट्रॅक्टर गेला. चुलत्यांच्या हयातीत कधी शब्दाने शब्द वाढला नाही. २०२२ मध्ये चुलतभावाने तो भाग शेजारच्या गावातील एका गृहस्थांना विकला, आणि २०२४ च्या दिवाळीनंतर त्यांनी चारही बाजूंनी सिमेंटचे खांब पुरून त्यांवर जाळी आणि वर काटेरी तार ओढली. आमची वाट त्या जाळीच्या आत गेली.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी मला बसवले, चहा दिला आणि शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, सातबाऱ्यावर रस्ता दाखवा, उद्याच खांब काढतो." पस्तीस वर्षे लोकांना सातबारा समजावून सांगितलेल्या माणसाकडे या वाक्याला उत्तर नव्हते. सातबाऱ्यावर रस्ता नव्हता. चुलतभावाच्या खरेदीखतात चतुःसीमा होत्या; जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप यांचा उल्लेख होता; जाण्यायेण्याच्या वहिवाटीच्या हक्कांसह जमीन दिली, असेही नेहमीचे वाक्य होते; परंतु तो हक्क घेणाऱ्याला मिळत होता. मागच्या गटधारकाला या जमिनीतून, कोणत्या कडेने, किती रुंदीची वाट आहे, याचा एक शब्दही त्यात नव्हता. खरेदी घेणाऱ्याने प्रत्येक गुंठ्याचे पैसे मोजले होते, बँकेने त्याच क्षेत्रावर कर्ज दिले होते, आणि रानडुकरांनी मागच्या हंगामात त्यांचा मका लोळवला होता. त्यांना मी दुष्ट म्हणू शकत नाही. त्यांच्या हातात जो कागद पडला, त्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

त्या रात्री मी माझ्याच नोकरीतल्या नोंदी आठवत बसलो. वारसाची, वाटणीची, खरेदीची वर्दी म्हणजे खबर यायची; गाव नमुना सहामध्ये फेरफार लिहायचा; हितसंबंधितांना नोटीस द्यायची; जबाब घ्यायचे; आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली की सातबाऱ्यावर नावे चढवायची. कोणाला किती आर, आकार म्हणजे शेतसारा किती, लागवडीला न येणारी पोटखराब जमीन किती, हे सर्व काटेकोर लिहिले जायचे. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा यायचा, विहिरीतील चार आणे हिस्सा यायचा, आणि घरच्या वाटणीपत्रात मोटेच्या किंवा मोटारीच्या पाण्याची पाळी कोणत्या वारी कोणाची, हेही भाऊभाऊ आवर्जून लिहून घ्यायचे. जो शेतकरी पाण्याची पाळी तासांत लिहून घेतो, तोच शेतात जायचे कोठून हे लिहीत नाही, कारण वाटणीच्या दिवशी दोघे भाऊ एकाच घरात जेवत असतात आणि "एकमेकांच्या रानातून जायला का कोणी अडवणार आहे?" असे म्हटले की विषय संपतो. मी स्वतः अशा नोंदी शेकडोंनी लिहिल्या असतील. मागच्या हिस्सेदाराला वाट कोठून, हा प्रश्न मी जबाब घेताना एखाद्यालाच विचारला असेल, आणि नियमाने विचारावा असे कोणी मला सांगितलेही नाही. याची बोच मला आज आहे.

हे प्रकरण पूर्वीपेक्षा आता इतके का पेटते, याचे कारण जमिनीच्या तुकड्यांत आहे. कृषिगणनेनुसार राज्यातील शेतकऱ्याचे सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. एका गटाचे तीन पिढ्यांत सहा-सात पोटहिस्से होतात, त्यांतील एक-दोनच रस्त्याला लागून राहतात आणि बाकीचे आत अडकतात. पुढचा हिस्सा घरातल्याच माणसाकडे असेपर्यंत तोंडी शब्द चालतो. तो बाहेर विकला गेला की शब्द देणाराही राहत नाही आणि ऐकणाराही.

वास्तविक कायद्याने अशा अडकलेल्या हिस्सेदाराला वाऱ्यावर सोडलेले नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याच्या कलम १३ मध्ये स्पष्ट आहे की सामाईक मिळकतीची वाटणी होऊन एका हिस्स्याचा उपभोग घेण्यासाठी दुसऱ्या हिस्स्यातून जाणे आवश्यक ठरत असेल, तर तो हक्क वाटणीबरोबरच निर्माण होतो. त्याच अधिनियमाचे कलम १५ वीस वर्षांच्या अखंड, उघड आणि शांततापूर्ण वहिवाटीला हक्काचे रूप देते. मात्र ही वहिवाट हक्काने केलेली असावी लागते. शेजाऱ्याच्या परवानगीने, मेहेरबानीने गेलेल्या गाडीची वर्षे त्यात धरली जात नाहीत, आणि अडथळा माहीत होऊनही वर्षभर तो मुकाट्याने सोसला तर वहिवाट खंडित झाल्याचा मुद्दा समोरचा पक्ष मांडू शकतो. म्हणून "शेजारधर्म आहे, बघू पुढच्या हंगामात" म्हणत गप्प बसणारा भला शेतकरीच शेवटी अडचणीत येतो.

रुंदीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. गरजेपोटी मिळणारी वाट गरजेइतकीच असते आणि वहिवाटीने मिळणारी वाट वहिवाटीइतकीच, असे कलम २८ चे तत्त्व आहे. वीस वर्षे बैलगाडी गेली असेल तर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर किंवा तोडणी यंत्र त्याच हक्कात बसते का, यावर वकील दोन्ही बाजूंनी तासन् तास बोलू शकतात. गावनकाशावर एकेरी तुटक रेषेने दाखवलेला पायमार्ग आणि दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला गाडीमार्ग असेल तर निदान बोलायला आधार मिळतो. पण तोंडी वाटणीनंतर पडलेल्या वाटा कोणत्याच नकाशावर नसतात, आणि तंटे नेमके याच वाटांवरून होतात.

आता अर्जाविषयी दोन गोष्टी जरा सविस्तर लिहितो, कारण येथेच शेतकऱ्याचे महिने वाया जाताना मी पाहिले आहेत. पूर्वापार वापरात असलेला रस्ता कोणी खांब रोवून, चर खोदून किंवा नांगरून अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागायची असते, आणि ती अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. रस्ताच नसेल आणि शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या हद्दीवरून नवा मार्ग हवा असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४३ खाली अर्ज करायचा असतो. तेथे तहसीलदार शेतकऱ्याची वाजवी गरज पाहून सरबांधावरून, म्हणजे दोन शेतांच्या सामाईक हद्दीच्या बांधावरून, वाट देतात आणि शक्यतो दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांवर सारखा भार पडेल असे बघतात. कलम ५ च्या आदेशाविरुद्ध अपील नाही, फेरतपासणी आहे; कलम १४३ च्या निर्णयाविरुद्ध एका वर्षात दिवाणी दावा लावता येतो. कार्यालयाबाहेर अर्ज लिहून देणारे पुष्कळदा अडवलेल्या जुन्या रस्त्यासाठी कलम १४३ टाकतात. चार-पाच महिन्यांनी स्थळपाहणीत रस्ता जुना असल्याचे निघते, अर्ज चुकीच्या कलमाखाली असल्याने निकाली निघतो, आणि योग्य अर्ज करायला जावे तर सहा महिने उलटून गेलेले असतात. शेतकऱ्याला कलमांचा फरक कळावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. अर्ज स्वीकारणाऱ्या खिडकीवरच "रस्ता पूर्वी होता काय, कधी अडवला" एवढे दोन प्रश्न विचारले तर हा घोटाळा होणार नाही.

मला हे माहीत असल्यामुळे मी सात आठवड्यांतच, डिसेंबर २०२४ मध्ये दावा दाखल केला. तरीही हंगाम हातचा गेला. जानेवारीत कारखान्याची तोडीची चिठ्ठी आली, मुकादम कोयते घेतलेली टोळी घेऊन आला, जाळीशी उभा राहून त्याने खांब पाहिले आणि "भाऊसाहेब, गाडी कुठं लावू?" एवढेच विचारून टोळी पुढच्या फडात नेली. ऊस तुऱ्यावर आला, पोकळ होऊ लागला. अखेर मार्चमध्ये पश्चिमेकडील शेजाऱ्याने त्याचा खोडवा निघाल्यावर स्वतःहून वाट दिली, आणि त्या रिकाम्या रानातून मोळ्या डोक्यावरून वाहून गाडीपर्यंत न्याव्या लागल्या; त्याचे टोळीला वेगळे पैसे मोजावे लागले. तोवर घरच्या माणसांचे रोजचे जाणे होतेच. एकदा संध्याकाळी पत्नी वैरणीचा भारा घेऊन खालच्या तारेखालून वाकून येत होती. पदर काट्याला अडकला, भारा पाठीवर कलंडला, आणि मी धावत जाऊन सोडवेपर्यंत ती गुडघ्यांवर तशीच थांबून राहिली. एकसष्ट वर्षांच्या बाईने स्वतःच्या रानातून असे यावे, हे पाहिल्यावर लोक कुऱ्हाड का उचलतात ते मला समजले. मी उचलली नाही, परंतु समजले.

२२ मे २०२५ रोजी महसूल विभागाने शासन निर्णय काढून शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंदीचा असावा, अशी प्रकरणे ९० दिवसांत निकाली काढावीत आणि दिलेल्या रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी, असे ठरवले. यातील शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. पूर्वी आदेश व्हायचा, मंडळ अधिकारी पोलीस बंदोबस्तात खांब काढायचे, पंचनाम्यावर सह्या व्हायच्या, आणि पथक गावाबाहेर पडले की आठवड्यात पुन्हा तार ओढली जायची. आदेशाची प्रत शेतकऱ्याच्या पेटीत आणि मूळ संचिका अभिलेखात; पुढे जमीन विकली गेली तर नव्या मालकाला त्याचा पत्ताच नसायचा. माझ्या बाबतीतही जूनमध्ये आदेश झाला, खांब निघाले आणि ऑगस्टमध्ये त्याच जागी कुलूप लावलेले फाटक आले. शेजाऱ्यांनी प्रांताधिकाऱ्यांकडे फेरतपासणी अर्ज केला. तो त्यांचा अधिकार होता.

त्या तारखांना आम्ही एकाच एसटीने जात असू. तिसऱ्या तारखेला, सुनावणी पुढे गेल्यावर, स्टँडवर बसून आम्ही प्रथमच प्रकरणाऐवजी जमिनीबद्दल बोललो. त्यांची अडचण अशी होती की जुनी वाट त्यांच्या रानाच्या कडेने आधी सरळ आणि मग मध्येच तिरकी जात होती, आणि तिच्यामुळे ठिबकच्या नळ्या आणि नांगरटीचे तास तुटत होते. मला तिरकी वाट नको होती. मला ट्रॅक्टर शेतात न्यायचा होता. शेवटी असे ठरले की वाट पूर्णपणे पूर्वेच्या सरबांधाला लावून सरळ घ्यायची, रुंदी बारा फूट ठेवायची, कुंपण आत सरकवण्याचा खर्च मी द्यायचा, रानडुकरांसाठी वाटेच्या दोन्ही तोंडांना फाटके राहतील पण त्यांना कुलूप असणार नाही, आणि उभे पीक असताना वळणावर नुकसान झाल्यास ज्याची गाडी त्याने भरून द्यायचे. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून कच्चा नकाशा काढला, तडजोडपत्रावर दोघांच्या आणि दोघांच्याही मुलांच्या सह्या घेतल्या, आणि ते प्रकरणात दाखल केले. मुलांच्या सह्या घ्याव्यात, हे त्यांनीच सुचवले.

डिसेंबरमध्ये फेरफार प्रमाणित झाला आणि दोन्ही गटांच्या संगणकीकृत सातबाऱ्यावर इतर हक्कांत वाटेची ओळ आली. आता त्यांची जमीन कोणीही विकत घेवो, त्याला खरेदीच्या आधी ती ओळ वाचावी लागेल आणि किंमतही त्याप्रमाणे ठरवता येईल. माझ्या मते घेणाऱ्यावर हा अन्याय होत नाही, उलट त्याचे संरक्षण होते; आमच्या शेजाऱ्यांनी २०२२ मध्ये ही ओळ पाहिली असती तर ना खांबांवर खर्च झाला असता ना वकिलावर.

म्हणून शासनाकडे माझी मागणी अडथळे काढण्यापुरती नाही. महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली वाटणीचा आदेश होतो किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र होते, तेव्हा प्रत्येक हिस्सेदाराला सार्वजनिक रस्त्यापर्यंत जाण्याची वाट कोणत्या कडेने आणि किती रुंदीची, हे लिहिल्याशिवाय आणि साधा हातनकाशा जोडल्याशिवाय तो कागद पूर्ण मानू नये. तोंडी वाटणीची वर्दी येते, तेव्हा आज ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी जबाबाच्या नमुन्यातच वाटेचा प्रश्न छापून घ्यावा. खरेदीखतात चतुःसीमांखाली "या मिळकतीतून इतरांना असलेल्या वाटा" असा एक परिच्छेद सक्तीचा असावा आणि तेथे काही नसेल तर "काही नाही" असे विकणाऱ्याने स्वतः लिहून द्यावे, म्हणजे उद्या खोटे ठरल्यास जबाबदारी त्याच्यावर राहील. ज्याच्या जमिनीतून वाट जाते त्याचे क्षेत्र अडकते, हेही विसरता कामा नये. तेवढ्या क्षेत्राचा शेतसारा कमी करण्याचा किंवा वाट वापरणाऱ्याकडून माफक मोबदला देण्याचा विचार झाला तर वाट देताना माणसाच्या हाताला कापरे भरणार नाही.

शेतकरी बांधवांना माझे सांगणे असे आहे की आईवडील हयात असताना, सर्व भावंडे एका ताटात जेवत असताना, मागच्या हिस्स्याला वाट कोठून हे विचारून घ्या आणि पुढच्या हिस्सेदाराच्या सातबाऱ्यावर ती चढवून घ्या. ज्यांच्या वाटण्या पूर्वीच झाल्या आहेत पण वाटेवर अजून कोणाचे भांडण नाही, त्यांनी याच महिन्यात दोघांच्या संमतीने अर्ज करावा. विनातंट्याची नोंद व्हायला वेळ फारसा लागत नाही. ज्यांची वाट अडली आहे, त्यांनी अडथळ्याची तारीख वहीत लिहून ठेवावी, त्या दिवशीचे छायाचित्र घ्यावे आणि सहा महिन्यांची मुदत कॅलेंडरवर मांडावी.

माझ्या कोणत्याही जुन्या सज्जातील, म्हणजे मी तलाठी असलेल्या गावांतील, शेतकऱ्याला, मी लिहिलेल्या जुन्या वाटणीच्या फेरफारात वाट राहून गेल्याचे आढळले, तर त्याने मला अवश्य भेटावे. संमतीचा अर्ज आणि हातनकाशा मी विनामूल्य करून देईन. शनिवारी बाजारादिवशी सकाळी मी गावच्या चावडीजवळ असतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त तलाठी
कृष्णाकाठ, जि. सांगली